तानपुऱ्यावर कोण बसणार?

"तानपुऱ्यावर बसशील का गं?"

बाईंनी असं विचारलं तेव्हा मी मनातून जराशी खट्टूच झाले होते. मी तेव्हा १९ वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. गाण्याच्या परीक्षा एकामागून एक दिलेल्या. घरी पाहुणे आले की "म्हण बघू एखादं" हा आग्रह ठरलेला. बेळगावात टिळकवाडीतल्या बाईंच्या घरी दरवर्षी गुरुपौर्णिमेची बैठक असायची आणि त्या वर्षी धारवाडहून एक गायिका येणार होत्या. मला वाटलं होतं, त्यांच्या आधी अर्धा तास मला गायला मिळेल. मिळालं काय, तर तानपुरा.

घरी येऊन आईला सांगितलं तर ती खूश. "अगं, मान असतो तो," म्हणाली. धाकटा भाऊ मात्र मनातलं बोलला. "ताई, त्यात करायचं काय असतं? चार तारा, मग पुन्हा त्याच चार तारा. फोनवर अ‍ॅप लावून दे आणि समोर येऊन बस." मी त्याला रागावले नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

बैठकीच्या दिवशी पावसाची झड लागली होती. चाळीसेक माणसं सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेली. मी गायिकेच्या मागे तानपुरा घेऊन बसले. पहिली दहा मिनिटं सगळं नीट चाललं. मग विलंबित ख्याल सुरू झाला आणि माझं मन हळूच उठून बाहेर गेलं. समोर कोण कोण आलंय, साडीचा काठ नीट आहे ना, मैत्रिणीनं फोटो काढला असेल का. फोन मांडीजवळ ठेवला होता, तो थरथरला. मी तो पाहिला नाही, पण कोणाचा निरोप असेल हा विचार पुढची कितीतरी मिनिटं डोक्यात फिरत राहिला. बोटं चालू होती. चालू आहेत म्हणजे झालं, अशी माझी समजूत.

आणि गायिका थांबल्या. मागे वळून त्यांनी माझ्या तानपुऱ्याची पहिली तार दोनदा छेडून पाहिली. पंचम उतरला होता, तोही चांगलाच. किती वेळापासून, देव जाणे. तबलजी ठेका धरून बसले आणि सगळ्या माणसांदेखत त्यांनी स्वतः मणी सरकवून तार मिळवली. बाई पहिल्या रांगेत होत्या. गायिका एक शब्दही बोलल्या नाहीत. तार मिळाल्यावर मान हलवली आणि पुन्हा गायला लागल्या.

मी तिथे हजर होते, पण तिथे नव्हते. ते मला सोडून सगळ्यांना कळलं होतं.

महिनाभर नुसता तानपुरा

दुसऱ्या दिवशी बोलणी खायच्या तयारीनं बाईंकडे गेले. बाईंनी चहा दिला. पाऊस कसा लागलाय, आंबोळीचं पीठ कसं फुगत नाही, हे सगळं बोलून झालं. मग म्हणाल्या, "आता महिनाभर गायचं नाही. रोज येऊन अर्धा तास नुसता तानपुरा छेडायचा. मी स्वयंपाकघरात असेन."

ज्यांनी तानपुरा जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. त्याला बहुधा चार तारा असतात. पहिली मंद्र पंचमात लावतात. मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोडीच्या तारा म्हणतात. चौथी जाड पितळेची, खालच्या षड्जाची, तो खर्ज. मालकंसासारख्या रागात पंचम नसतो, तिथे पहिली तार मध्यमात लावतात. वरच्या खुंट्या पिळून तार सुराच्या जवळ आणायची आणि खाली तारांत ओवलेले मणी सरकवून उरलेला बारीक फरक काढायचा. घोडीवर, म्हणजे ज्या पट्टीवरून तारा जातात तिच्यावर, प्रत्येक तारेखाली सुताचा एकेक धागा असतो. तो केसभर पुढेमागे केला की आवाज बंद तरी होतो, नाहीतर फुलासारखा उघडतो. त्या उघडण्याला जवारी म्हणतात.

वाजवायचं कसं, तर पहिली तार मधल्या बोटानं आणि बाकीच्या तीन तर्जनीनं. इतकंच. एका मिनिटात शिकून होतं. म्हणूनच आपल्याला वाटतं की त्यात शिकण्यासारखं काही नाही.

पहिला आठवडा मी फक्त कंटाळले. बाई आतून मधूनच ओरडायच्या, "खर्जाला घाई झाली!" किंवा "बोट आपटतंय, तारेवरून नुसतं सरकू दे!" पोळ्या लाटता लाटता त्यांना हे कसं कळायचं, याचं मला नवल वाटे. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की माझा हात भिंतीवरच्या घड्याळाच्या टकटकीबरोबर चालू लागलाय. बाई म्हणाल्या, "बैठकीतही हेच झालं होतं. तू तबल्याच्या मागे जात होतीस. तानपुऱ्यानं ठेक्याबरोबर नाचायचं नसतं. तो नदीसारखा खालून वाहत राहिला पाहिजे, म्हणजे गाणाऱ्याला वर हवं तिथे जाता येतं. तूच हलायला लागलीस तर तिनं पाय कुठे ठेवायचा?"

मला आतापर्यंत वाटायचं की मागे बसणाऱ्याचं काम म्हणजे आवाजाची जागा भरून काढणं. बाईंच्या त्या एका वाक्यानं कळलं की समोरच्या माणसाचं सगळं धाडस आपल्या स्थिर राहण्यावर उभं असतं.

तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी वेगळंच घडलं. पाऊस थांबला होता, घरात कोणी नव्हतं. तारा नीट लागल्या होत्या. छेडता छेडता मला एक असा स्वर ऐकू आला, जो चारही तारांत कुठेच नव्हता. गंधार. मी हात थांबवला, तो विरला. पुन्हा छेडलं, पुन्हा आला, खर्जाच्या शेपटीला धरून, दूरवरून कोणीतरी बारीक आवाजात गात असल्यासारखा. मी धावत बाजूच्या घरात गेलेल्या बाईंना बोलावून आणलं. त्या हसल्या. "आला का? त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो रोजच येत होता. तू आज आलीस."

यात जादू काही नाही. तार कंप पावते तेव्हा मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे स्वरही तिच्यातून उमटतात. खर्जाच्या तारेतून उमटणारा पाचपटीचा स्वर म्हणजे हा गंधार. तानपुऱ्याच्या घोडीच्या किंचित वळणदार, रुंद माथ्यामुळे असे उपस्वर विलक्षण ठळक होतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर एक शोधनिबंध लिहिला. तार ज्या जागी छेडली, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर उमटत नाही, असा नियम तेव्हा मानला जात होता. तानपुऱ्यात आणि वीणेत मात्र तसा उपस्वरही ऐकू येतो, हे त्यांनी दाखवलं. नोबेल पारितोषिक त्यांना पुढे १९३० साली प्रकाशाच्या अभ्यासासाठी मिळालं, पण त्याआधी ते तानपुऱ्यापाशीही असे कान लावून बसले होते.

मी हे कुठेतरी वाचून बाईंना सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे तेही फोन बाजूला ठेवून बसले असणार."

मिरजेची फेरी

पुढच्या वर्षी बाईंच्या तानपुऱ्याची जवारी गेली. जवारी जाते म्हणजे तारांच्या घासण्यानं घोडीला बारीक चऱ्या पडतात आणि आवाज बोथट होतो. बाई म्हणाल्या, "चल, मिरजेला जाऊ." आम्ही तानपुऱ्याला गवसणी घातली, सकाळच्या गाडीनं निघालो. डब्यात बसायला जागा एकच मिळाली. तिथे तानपुरा बसला, आम्ही दोघी उभ्या.

मिरजेत तंतुवाद्यं बनवण्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. मूळची शस्त्रांना धार लावणारी शिकलगार मंडळी या कामात आली आणि पिढ्यानपिढ्या त्यातच राहिली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे भोपळे वाळवून, कापून त्यांचे तानपुरे होतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले ते अखेरपर्यंत, आणि त्यांच्या तानपुऱ्यांच्या सुरेलपणाबद्दल जुनी मंडळी आजही बोलतात.

दुकान लहानसं होतं. कारागीर चाचांनी बाईंना ओळखलं, चहा मागवला आणि घोडी कानसायला घेतली. दोन-तीनदा कानस फिरवायची, तार वर चढवायची, छेडायची, ऐकायची, पुन्हा उतरवायची. असं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत होते, शेजारी कोणीतरी मोठ्यानं फोनवर बोलत होतं. चाचांच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूस नव्हता. मध्येच एकदा त्यांनी डोळे मिटले, बोटानं घोडीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "इथे अजून आहे जरा." मी पाहिलं. मला काहीच दिसलं नाही. त्यांनी कानस एकदाच, अगदी हलकी फिरवली आणि तार चढवून छेडली. दुकानभर तो आवाज पसरला.

परत येताना मी बाईंना म्हटलं, "एवढं लक्ष त्यांना रोज कसं देता येतं?" बाई म्हणाल्या, "लक्ष द्यायचं असं ते ठरवत नाहीत गं. काम चुकलेलं त्यांना सहन होत नाही, एवढंच."

मागच्या रांगेतली माणसं

आपण ज्या गावांत वाढलो, त्या गावांना गाण्याचा मोठा वारसा आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी शिकून आले आणि ती इकडे, मिरज-इचलकरंजीच्या मुलखात रुजवली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. बडोद्यात सयाजीरावांच्या काळात मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ साली सुरू झाली. ग्वाल्हेरचं माधव संगीत महाविद्यालय १९१८ सालचं. ही नावं, ही सालं आपण अभिमानानं सांगतो. पण या प्रत्येक गवयाच्या मागे कोणीतरी तानपुरा घेऊन बसलेलं होतं, आणि त्यांची नावं आपल्याला सहसा ठाऊक नसतात.

एक नाव मात्र सांगते. हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्यामागे त्यांची मुलगी कृष्णा अनेक दशकं साथीला बसली. गंगूबाईंचा तो खणखणीत, भारदस्त आवाज आणि त्याच्या मागून येणारा कृष्णाबाईंचा स्वर, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना एकाशिवाय दुसरा आठवत नाही. कृष्णाबाई स्वतः समर्थ गायिका होत्या. आईचा श्वास कुठे संपतो, आवाज कुठे थकतो, तिथे नेमका आपला स्वर ठेवायचा आणि ती पुन्हा उभी राहिली की मागे सरायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. २००४ साली त्या आईच्या आधी गेल्या. गंगूबाई २००९ पर्यंत होत्या.

दुसरं उदाहरण आपल्याच मातीतलं. कुमार गंधर्व मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, जन्म १९२४ चा. ऐन तारुण्यात क्षयरोग झाला, माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून देवासला गेले आणि तिथलेच झाले. काही वर्षं अंथरुणाला खिळून काढली. गाणं बंद. ज्याला लहानपणी सगळ्या देशानं डोक्यावर घेतलं होतं, त्या गवयाला गायची बंदी. त्या काळात ते काय करत होते? ऐकत होते. आजूबाजूच्या बायका कामं करताना, सणावारी जी गाणी म्हणत ती पडल्या पडल्या ऐकत होते. बरे झाल्यावर त्यांनी माळव्याच्या लोकगीतांचे कार्यक्रम केले, त्या धुनांमधून नवे राग बांधले आणि १९६५ साली त्यांचं 'अनूपरागविलास' प्रसिद्ध झालं. गळा बंद असतानाही ते गाण्यातून बाहेर पडले नव्हते. मला तर वाटतं, त्या वर्षांत ते गाण्यात जितके होते तितके क्वचितच कोणी असतं.

बाईंचा कान

आता जे सांगणार आहे ते सांगावं की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही. फक्त माझं नाव घालू नकोस, नाहीतर सगळे मोठ्यानं बोलायला लागतील."

त्या ७६ वर्षांच्या झाल्या तेव्हा "काय म्हणालीस?" असं दोनदा विचारायला लागल्या. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहू लागल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बारीक, उंच आवाज ऐकण्याची ताकद कमी झाली आहे. कानाला यंत्र आलं. बोलणं त्यानं बरं ऐकू येई, पण तानपुरा छेडला तर त्यांचा चेहरा कसनुसा व्हायचा. "पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखा वाजतो गं." म्हणून गाताना त्या यंत्र काढून ठेवायच्या. खर्ज, जोड, पंचम त्यांना ऐकू येत. पण गंधार मात्र येईनासा झाला होता.

त्यांनी हे मला सरळ कधी सांगितलं नाही. मी तारा लावत बसले की त्या विचारायच्या, "गंधार येतोय?" आधी मला वाटलं, परीक्षा घेतायत. मग एकदा कळलं की त्या खरंच विचारतायत.

एका संध्याकाळी जोडीच्या तारा नीट मिळत नव्हत्या. हवा दमट होती, मला उशीर झाला होता, बसही गाठायची होती. बाईंनी विचारलं, "येतोय?" मी म्हटलं, "हो बाई, येतोय." बाईंनी काही न बोलता तळहात भोपळ्यावर ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग म्हणाल्या, "जोड फाटलीय. कंप एकसारखा नाही, धक्के बसतायत. मला ऐकू येत नाही म्हणून तू मला खोटं सांगायचं नाहीस. तसं करणार असशील तर माझ्या मागे बसू नकोस."

बैठकीत सगळ्यांसमोर तार उतरली तेव्हा मला जेवढी लाज वाटली नव्हती, तेवढी त्या रिकाम्या खोलीत वाटली. तिथे लक्ष नव्हतं, ते निदान वय म्हणून खपून गेलं. इथे मला सगळं माहीत होतं आणि मी कंटाळा केला होता. मी बस सोडली. तारा लागायला आणखी वीस मिनिटं गेली.

त्या वर्षी गुरुपौर्णिमेला बाईंनी स्वतः गायचं ठरवलं. घरच्यांना काळजी. इतकी माणसं येणार, त्यांना नीट ऐकू येत नाही, सूर हलला तर? बाईंनी मला बोलावून एक गोष्ट ठरवली. "वरच्या षड्जाला माझा आवाज खाली राहतो, मला ठाऊक आहे. राहिला तर तू बोलायचं नाहीस, खाकरायचं नाहीस. फक्त जोडीच्या तारा जरा मोकळ्या छेड आणि तानपुरा माझ्या कानाजवळ आण. मला समजेल."

बागेश्री होता. तारा मध्यमात लावल्या होत्या. विलंबित छान झालं. अंतऱ्यात त्या वर गेल्या, आणि खरंच, षड्ज किंचित खाली राहिला. किंचितच. पुढच्या रांगेतल्या कोणाच्या भुवया हलल्या नाहीत. मनात आलं, जाऊ दे, कोणाला कळणार आहे? आणि लगेच भोपळ्यावरचा तो हात आठवला. मी पुढे सरकले, तानपुरा त्यांच्या उजव्या कानाकडे झुकवला, जोड मोकळी केली. एक आवर्तन तसंच गेलं. दुसऱ्या आवर्तनात बाई पुन्हा वर आल्या आणि षड्जावर जाऊन अशा उभ्या राहिल्या की तबलजींच्या तोंडून "वा!" निघालं.

लोकांनी त्यांना दाद दिली, ती योग्यच होती. त्या मधल्या एका आवर्तनात काय झालं ते आम्हा दोघींनाच माहीत. दोन तास माझ्या मनात दुसरा विचार आला नाही. येऊ द्यायचा नाही असं मी ठरवलं नव्हतं. त्याला जागाच नव्हती.

बैठक संपल्यावर बाईंनी यंत्र कानाला लावलं आणि म्हणाल्या, "जोड बरी बोलत होती." बाईंकडून याहून मोठी शाबासकी कोणाला मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

आपण काय करू शकतो?

हे सगळं तानपुऱ्याबद्दल असलं तरी तुमच्यातला प्रत्येकजण काही तानपुरा घेऊन बसणार नाही. पण आपल्या मंडळांत बैठका होतात, गणपतीत आरत्या होतात, कोजागिरीला गाणी होतात. तिथे आपण जातो, दारात फोटो काढतो, स्टेटसला टाकतो आणि बरेचदा कार्यक्रम संपेपर्यंत त्याला किती जणांनी पाहिलं तेच पाहत बसतो. मीही हे केलंय, म्हणून उपदेश करत नाही. मला जे उपयोगी पडलं तेवढं सांगते.

बैठकीला तानपुरे लागत असतात तेव्हाच पोचा. ती दहा मिनिटं फुकट गेली असं वाटतं, पण कान तेव्हाच जागा होतो. राग ओळखता येत नसेल तर अजिबात लाजू नका. एकच गोष्ट धरा. तबल्याची सम धरा, गाणारा तिथे कसा येऊन पोचतो ते पाहा. किंवा बंदिशीचा एकच शब्द धरा, तो दर वेळी किती वेगवेगळ्या तऱ्हेनं येतो ते ऐका. मन बाहेर जाईल. जाऊ दे. गेलंय हे कळलं की परत आणा. बाई म्हणतात, मन जाणं हा गुन्हा नाही, गेलेलं न कळणं हा खरा घोटाळा. आवडलं तर मनापासून दाद द्या, पण बाजूचा देतोय म्हणून नको.

आरतीलाही हेच. शब्द येत नसतील तर टाळ हातात घ्या आणि मृदंगाकडे, नाहीतर ढोलकीकडे कान ठेवा. कोपऱ्यात उभं राहून ओठ हलवण्यापेक्षा एक टाळ नीट धरणं केव्हाही चांगलं.

आणि घरी आजी-आजोबा तीच गोष्ट पाचव्यांदा सांगत असतील तर एकदा फोन उलटा ठेवून ऐका. मी ऐकली. आमच्या आजोबांची शहापुरातल्या विणकरांची गोष्ट मला तोंडपाठ होती. त्या दिवशी लक्ष देऊन ऐकली तेव्हा कळलं की दर वेळी ते एका माणसाचं नाव घेताना अडखळतात. मी विचारलं, "ते कोण होते, आजोबा?" आजोबा बराच वेळ गप्प बसले, आणि मग तासभर बोलत राहिले. ती गोष्ट आम्हा कोणालाच माहीत नव्हती. इतकी वर्षं ती त्या अडखळण्यात थांबून होती.

माझा भाऊ अजूनही अ‍ॅपच्या बाजूनं बोलतो, आणि त्याचंही चूक नाही. रोजच्या रियाजाला मीही तेच लावते. ते दमत नाही, त्याची तार उतरत नाही. पण परवा तोच म्हणाला, "ताई, एक आहे. गाणारा खाली राहिला तर ते पुढे सरकत नाही."

बाई आता बाहेर गात नाहीत. शनिवारी मी जाते, तारा लावते. त्या शेजारी बसतात, भोपळ्यावर हात ठेवतात आणि विचारतात, "गंधार येतोय?" येत असेल तर मी हो म्हणते. नसेल तर म्हणते, "थांबा बाई, अजून नाही." मग त्या थांबतात.

पुढच्या बैठकीच्या आधी तुमच्या मंडळात कोणीतरी नक्की विचारेल, "तानपुऱ्यावर कोण बसणार?" बहुधा कोणी पुढे येणार नाही, सगळे एकमेकांकडे पाहतील. तेव्हा तुम्ही हात वर करा. येत नसलं तरी करा, शिकवणारं कोणीतरी भेटतंच. फोन मात्र चपलांजवळच्या पिशवीत ठेवून या.